यंदा दहावी

सराफांकडची सोन्याचांदीची मोड वितळवायची आणि शुद्ध करून द्यायची, हे आमचं गलाईचं काम. दुकान कोइंबतूरला. मालक मात्र आमच्या खानापूर तालुक्यातले, नात्यानं लांबचे मामा. आठवीतून शाळा सोडून मी त्यांच्या हाताखाली आलो. तेव्हापासून दर जूनला, शाळा भरल्या की मी म्हणायचो, "यंदा दहावी देणार." असे दहा-बारा जून गेले. मामा मला नावानं हाकच मारेनात. "यंदासाहेब, शेगडी पेटवा!"

मीही हसायचो. पण आत कुठंतरी लागायचं. मी मुळात भित्रा. फॉर्म भरला आणि नापास झालो तर? त्यापेक्षा 'यंदा' बरं, त्यात नापास होता येत नाही.

एका जूनला मामींनी पोळी लाटता लाटता विचारलं, "यंदा म्हंजे नेमकं कवा रं?"

मामी बारावी शिकलेल्या. त्यांनीच गावाकडं फोन लावून, शाळेबाहेरच्यांनी भरायचा तो सतरा नंबरचा फॉर्म मला भरायला लावला. वर नियम घातला, की जेवल्यावर एक पान लिहायचं, मग चहा. पान नाही तर चहा नाही. माझ्या वहीला ॲसिडच्या थेंबांची भोकं पडलेली असायची. मामी त्या भोकांतून मार्ग काढत तपासायच्या आणि प्रत्येक 'हाय'भोवती लाल गोल करायच्या. "बोलताना हाय म्हन, लिवताना आहे. गलाईवाल्याला खोट कळत न्हाई व्हय?"

मार्चमध्ये मी परीक्षेसाठी गावाकडं, विट्याला आलो. परीक्षेच्या वर्गात शिरलो तर पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, सर आले. मी घामाघूम होऊन बाकावर बसलो.

पहिला पेपर मराठीचा. रोपवाटिकेकडं झाडं मागणारं पत्र लिहायचं होतं. ते झकास उतरलं. पेपर देऊन गेटबाहेर आलो आणि एकदम आठवलं. पत्राच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'आम्ही आपले लय आभारी हाय.'

एवढे महिने गिरवलं ते वाया गेलं, असं वाटलं. मराठी माणूस मराठीतच नापास होणार, मग इंग्रजी-गणिताचं काय घेऊन बसलाय? मी सरळ एसटी स्टँडवर गेलो आणि तिथून मामींना फोन लावला.

"मामी, मी माघारी येतो. तिकडं कामाची लय वढाताण असंल."

"काय झालं ते सांग आधी."

सांगितलं. पलीकडं मामी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"आरं, आभार मानताना तोंडात येतंय तेच आलं की हातात! एका वळीसाठी सगळा पेपर फाडत्यात व्हय? उद्याचा अभ्यास कर."

तेवढ्यात मामांनी फोन ओढून घेतला. "हे बघ गड्या, पेपर टाकून आलास तर दुकानात पाऊल ठिवू देनार न्हाई. शेगडी मी पेटवतो. माझं हात काय मोडल्यात?"

मामांनी शेगडी पेटवून कित्येक वर्षं झाली होती. मी स्टँडवरच्या बाकावर बसलो आणि इंग्रजीचं पुस्तक उघडलं. अक्षरं दिसेनात, डोळे भरून आले होते. तरी पुस्तक मिटलं नाही. राहिलेले सगळे पेपर दिले. प्रत्येक पेपरच्या आधी भीती वाटायची. ती घेऊनच वर्गात शिरायचो.

पास झालो. मराठीत एकाहत्तर. मामा-मामींचे आभार मी समोर बसून मानले, बोलतो त्याच भाषेत. पण ते पत्र कोणी तपासलं, सरांनी की बाईंनी, त्या ओळीला त्यांनी लाल गोल केला की हसून पान उलटलं, हे मला कधीच कळणार नाही. त्यांचेही आभार मानायचे राहिलेत.

गणितात काठावर सुटलो. अकरावीला ते घेणार नाही.