रोलरला डांबर चिकटू न देण्याबाबत

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : या विषयावर आजवर झालेली तोंडी चर्चा व तोंडी भांडणे.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, रस्त्यावर टाकलेले डांबर रस्ता सोडून बाकी सगळ्याला चिकटते.

नोकरीभर मी असंच लिहिलं. निवृत्त झालो तरी हात तिकडेच वळतो, सांभाळून घ्या. तुमसर तालुक्यातल्या एका रस्ते उपविभागात मी बाबू होतो. कचेरीत डांबराचा टिपूस येत नसे, पण डांबराचे किस्से रोज येत. मी ते मुद्दाम जमवले नाहीत. फायलीवर धूळ बसते तिला कोणी ‘बसा’ म्हणत नाही, तसे ते बसत गेले. ऐकणारे विचारतात, ‘हे खरंच झालं का?’ काय सांगू, बऱ्याच किश्श्यांना जावक क्रमांक आहेत.

आधी माणसांची ओळख करून देतो. बकाराम हा आमचा रोलर ऑपरेटर, आंबागडचा. रोलरइतकाच जुना आणि रोलरच्याच वेगाने बोलणारा. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, असं त्याने कधी कबूल केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. यशोदाबाई ही डांबर पसरणाऱ्या टोळीची मुकादम, बपेऱ्याची. तिची जीभ फावड्यापेक्षा स्वच्छ निघायची, तिला काहीच चिकटत नसे. आणि नवे आलेले डेप्युटी साहेब, म्हणजे उपअभियंता, साताऱ्याकडचे. त्यांना सगळं नियमाप्रमाणे हवं असायचं, त्यामुळे सुरुवातीला आम्हाला त्यांची काळजी वाटली.

आता मुख्य अडचण. गरम डांबर रोलरच्या चाकाला चिकटलं, की चाक रस्त्याचा पापुद्रा उचलून नेतं. मग संध्याकाळी बकाराम छिन्नी-हातोडा घेऊन ते खरवडणार. खरवडताना डांबराबरोबर लोखंडही जातं, हे त्याचं ठाम मत. यांत्रिकी शाखेचा माणूस दरवर्षी येऊन चाकाचं माप घ्यायचा. मागच्या खेपेला तो म्हणून गेला होता, ‘आणखी थोडं झिजलं की रोलर भंगारात.’ रोलर भंगारात म्हणजे ऑपरेटरची बदली, जिथे दुसरा रोलर असेल तिथे. आणि दुसरा रोलर होता गडचिरोलीच्या पार टोकाला. बकारामची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, आंबागडला, म्हातारी आई आंबागडला.

“मी जाईन जी गडचिरोलीले,” तो म्हणायचा. “पण बांधी कोण उचलून नेईन?”

म्हणजे चाकाला डांबर न चिकटणं हा सरकारच्या दृष्टीने गुणवत्तेचा प्रश्न होता. बकारामच्या दृष्टीने घरी जेवण्याचा.

*

पूर्वी यावर एकच उपाय होता, डिझेल. चाकाला डिझेल, डंपरच्या हौद्याला डिझेल, फावड्याला डिझेल. त्या काळात आमच्याकडे काहीच चिकटून राहत नसे. डिझेलसुद्धा नाही.

डेप्युटी साहेबांनी आल्या आल्या डांबरी खडीचा एक गोळा स्टीलच्या वाटीत घेतला, वर डिझेल ओतलं आणि वाटी माझ्या टेबलावर ठेवली. जेवणाची सुट्टी झाल्यावर सगळ्यांना बोलावलं. गोळ्याची पेज झाली होती.

“डिझेलने डांबर विरघळतं. तुम्ही रस्त्यावर रोज हेच करता,” साहेब म्हणाले.

यशोदाबाईने वाटीत डोकावून पाहिलं. “आस्सं हाये का जी? आन् आमी रस्ता उखडला का ठेकेदाराले शिव्या देत होतो.”

ठेकेदार तिथेच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर निर्दोष सुटल्याचं तेज आलं. त्या दिवशी चहा त्याने पाजला.

डिझेलवर बंदी आली. बकाराम माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “बाबूजी, सायबानं माही बदलीच काढली म्हना.”

*

साहेबांनी पहिला पर्याय दिला साबणाच्या पाण्याचा. रोलरवर पाण्याची टाकी असते, तिच्यातून चाकावर थेंब थेंब पाणी पडतं. त्या पाण्यात थोडी कपडे धुण्याची पावडर टाका, म्हणाले. ‘थोडी’ म्हणजे किती, हे आदेशात नव्हतं. बकारामच्या स्वभावात ‘थोडी’ बसत नाही. त्याने अख्खी थैली टाकली.

काम आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरजवळ होतं, दुसऱ्या उपविभागाकडे आमचा रोलर उसना गेला होता. टाकी हिंदकळली, चाक फिरलं आणि फेस यायला लागला. आधी चाक दिसेना, मग रोलर दिसेना. पांढऱ्या ढगावर बसून बकाराम गंभीर चेहऱ्याने पुढे-मागे होतोय, असं दृश्य. हायवेवरच्या गाड्या हळू झाल्या, लोक मोबाईल काढायला लागले.

शेजारच्या घरातली एक बाई गोधडी घेऊन आली आणि फेसात बुडवून घासायलाच बसली.

“बाई, हे सरकारी काम हाये,” बकाराम वरून ओरडला.

“असू दे ना बावा,” ती म्हणाली. “सरकारचं एखादं काम आमच्या उपेगी पडलं त पडलं.”

एका पंचायत सदस्याने तक्रार दिली, की रस्ता होण्याआधीच धुतला जात आहे. त्याला उत्तर मी दिलं: ‘स्वच्छतेस प्राधान्य देण्यात येत आहे.’ पुन्हा पत्र आलं नाही.

*

साबण प्रमाणात आला, तर पाणी बंद पडलं. बपेऱ्याच्या रस्त्यावर काम होतं आणि टाकी गावच्या तलावातून भरली होती. अर्ध्या तासात थेंब थांबले, चाक कोरडं पडलं आणि डांबर चढायला लागलं.

साहेब धावत आले. “पाणी का थांबलं?”

बकाराम पाइपच्या भोकांत बाभळीचा काटा घालून काहीतरी टोकरत होता. “मासोळी अटकली जी.”

“काय?”

“मासोळी. बारकी हाये. यशोदाबाई, धर वो.”

यशोदाबाईने पदर पसरला. एकेका भोकातून एकेक मासोळी निघत गेली, साहेब कमरेवर हात ठेवून बघत राहिले. शेवटी म्हणाले, “टाकीच्या तोंडाला जाळी का नाही लावली?”

“लावतो जी,” यशोदाबाई म्हणाली. “पण उद्या लावा. आज पाहुणे हायेत घरी.”

काम थांबल्याचं कारण वर कळवणं भाग होतं. मी लिहिलं, ‘स्थानिक मत्स्यसंपदेमुळे पाणीपुरवठा खंडित.’ वरून विचारणा आली, की मत्स्यव्यवसाय विभागाचा ना-हरकत दाखला घेतला होता का.

*

चाकाचं तात्पुरतं भागलं, पण डंपरचा हौदा उरला होता. हौद्याला डांबर चिकटलं की अर्धा माल डंपरबरोबर परत जायचा. इथे डंपरवाल्याने डोकं चालवलं. राइस मिलमधून तांदळाचा कोंडा आणला आणि हौद्यात पसरला. वर गरम माल. हौदा उचलला की माल सुळकन खाली यायचा. साहेब खूश झाले.

कोंडा भाजला जायचा आणि खमंग वास सुटायचा. टोळीला जेवणाच्या तासभर आधीच भूक लागायला लागली. हे ठीक होतं. पण तो वास गावच्या म्हशींनाही गेला.

दुपारी सगळे झाडाखाली जेवत असताना रिकाम्या डंपरच्या मागे म्हशी जमल्या. हौदा चाटायला त्यांना जागा पुरेना, म्हणून उरलेल्या म्हशी ताज्या रस्त्यावर रांगेने उभ्या राहिल्या. रांग शिस्तीची होती, हे मान्य करायला हवं. संध्याकाळी साहेबांना डांबरात खुरांचे ठसे दिसले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“हे काय आहे?”

बकारामने ठसे नीट पाहिले. “तपासनी होऊन गेली जी. तुमच्या आधी.”

*

आता या सगळ्यात तपासणीची खरी वेळ जवळ येत चालली. यांत्रिकी शाखेचा निरोप आला, की माप घ्यायला माणूस येणार. बकारामचं जेवण कमी झालं. रोज सुटी झाल्यावर तो चाकावरून तळहात फिरवायचा, जनावर विकायला काढताना फिरवतात तसा.

साहेब एवढ्यात कुठेतरी वाचून आले होते. खाद्यतेल पाण्यात मिसळून चाकाला लावलं, की डांबर धरत नाही आणि रस्त्यालाही धक्का लागत नाही. बोलले, “कुठलंही खाद्यतेल चालेल.”

“कोन्तंई?” बकारामने विचारलं.

“कोणतंही.”

इथे साहेब चुकले. साताऱ्याकडच्या माणसाच्या डोळ्यासमोर शेंगदाण्याचं तेल असतं. आमच्याकडे घरचं तेल म्हणजे जवसाचं. बकारामच्या आईने घाण्यावरून काढून ठेवलेला डबाच होता. पाण्यात मिसळणं त्याला तेलाचा अपमान वाटला. त्याने निखळ तेल घेतलं आणि संध्याकाळी चाकाला चोपडलं. त्या आठवड्यात रोलरला काम नव्हतं; दिवसभर चाक उन्हात तापायचं, संध्याकाळी पुन्हा तेलाचा हात. काही दिवसांत चाक असं चमकायला लागलं, की यशोदाबाई त्याच्यात बघून कुंकू सारखं करून गेली.

“पाह्यलं?” बकाराम म्हणाला. “मासोळी नाई, फेस नाई. घरचा उपाय.”

तपासणीच्या आदल्या दिवशी आंबागडच्याच रस्त्यावर काम होतं. गरम माल पसरला, बकारामने रोलर घातला. रोलर पुढे गेला आणि रस्ता त्याच्याबरोबर गेला. मागे नुसती गिट्टी उरली. साहेब ओरडले, “मागे घे.” बकारामने मागे घेतला, तर राहिलेला रस्ताही आला. चाकाने गादी गुंडाळावी तसं डांबर गुंडाळून घेतलं.

यशोदाबाई फावडं टेकून बघत होती. शांतपणे म्हणाली, “जवसाचं होतं काय गा तेल?”

“हो.”

“आमी दाराले लावतो थे. वाळलं का चिकट होते, मंग वारनीस होते.”

“मंग पयले काहून नाई सांगतलं?”

“तू म्हनला ना घरचा उपाय. म्या म्हनलं तुह्या घरची दारं येगळी असतीन.”

बकारामने छिन्नी लावली, ती सरकली. मऊ डांबराखाली वारनीस आणि वारनीसाखाली लोखंड, सगळं एकजीव. त्यात उन्हाचा ताव. शेवटी त्याने रोलर आवारात नेला आणि निदान ढेकळं तरी दबावीत म्हणून फरशीवर पुढे-मागे फिरवत बसला. सकाळी मी कचेरीत आलो तेव्हा ढेकळं दबली होती. चाकावर बोटभर जाड, काळं, गुळगुळीत, सारखं आवरण बसलं होतं. बकाराम पायरीवर बसला होता.

“बाबूजी,” तो म्हणाला, “गडचिरोलीकडे धान केव्हा रोवतेत?”

मी त्याच्यासाठी चहा सांगितला.

*

यांत्रिकी शाखेचा माणूस दुपारी आला. तरुण पोरगा होता, कपाळावरून घाम निथळत होता, आणि त्याला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. रोलर सगळेच काळे असतात, त्यामुळे त्याने चाकाकडे विशेष पाहिलं नाही. त्याने टेप काढला, चाकाभोवती गुंडाळला, आकडा वाचला. मग मागच्या वर्षीचा आकडा पाहिला. टेप पुन्हा गुंडाळला.

“हे झिजलेलं नाही,” तो म्हणाला.

बकारामने पायरीवर बसल्या बसल्या मान वर केली.

त्याने फायलीचं पहिलं पान काढलं, रोलर नवा असतानाच्या मापाचं. ते पाहून तो चाकासमोर उकिडवा बसला. “नवीन होतं त्यापेक्षाही जास्त भरतंय. हे वाढलं कसं?”

डेप्युटी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कचेरीच्या पाटीकडे पाहिलं. यशोदाबाईने तोंडात पदर कोंबला.

बकाराम पायरीवरून उठला आणि अदबीने म्हणाला, “उन्हाळा हाये जी. लोखंड फुगते.”

पोराने वर सूर्याकडे पाहिलं, घाम पुसला आणि लिहिलं: ‘चाकाची झीज निरंक. उष्णतेमुळे किंचित प्रसरण. यंत्र सेवायोग्य.’ साहेबांनी त्याच्याखाली प्रतिस्वाक्षरी केली. नियमाप्रमाणे करावीच लागते.

बकाराम आंबागडलाच राहिला. त्या पावसाळ्यात बांधीत रोवणी झाली, कापणीनंतर आईने नव्या तांदळाची पोतडी कचेरीत पाठवली.

रोलर मात्र बाहेर काढता येईना. त्या चाकाने रस्ता दाबला की गरम मालाला चाकावरचं डांबर भेटायचं आणि दोघं एकत्र निघून जायची. साहेब म्हणाले, “ते खरवडून टाक.”

“खरवडतो ना जी,” बकाराम म्हणाला. “पन मंग माप कमी होईन. तुमची सही हाये त्याच्यावर. मले तसं लिहून द्या.”

साहेबांनी बराच वेळ विचार केला आणि लिहून दिलं नाही. त्याऐवजी चाकावरील डांबर काढण्यास परवानगी मिळावी, असा अर्ज बकारामने करावा आणि तो योग्य मार्गाने सादर व्हावा, असं ठरलं. मसुदा मी केला. महिन्याभराने तो शेऱ्यासह परत आला: ‘तपासणी अहवालात चाकावर डांबर असल्याची नोंद आढळत नाही. तरी कोणते डांबर काढावयाचे आहे, याचा खुलासा व्हावा.’

खुलासा पाठवला. त्यानंतर मी निवृत्त झालो. परवा बाजारात बकाराम भेटला, त्याला विचारलं. अर्ज अजून प्रलंबित आहे.