दोघींचं एकच दुखणं

तुळसाच्या हातून सुटलेला काजूगर ओळखू यायचा. वरची लाल साल गेलेली, पण गराला कुठे ओरखडा नाही की टवका नाही, अख्खाच्या अख्खा. संगमेश्वरच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या त्या कारखान्यात वीस-पंचवीस बायका सोलणीला बसायच्या, पण चांगला माल निवडायचा झाला की तिथला मुकादम विनीत आधी हिची ताटली ओढायचा. नवरा मुंबईला वॉचमन, मुलगी शमिका जयगडच्या बंदरात नोकरीला. घरात ही एकटी. सोलणीतली ती एक जागा, तिथेच तिचा जीव होता.

सहा वर्षांमागे एका सकाळी उठली तर मूठ वळेना. एका हाताची नव्हे, दोन्ही हातांची. मनगटं गरम, बोटांची पेरं फुगलेली, चहाचा टोप उचलवेना. कारखान्यातल्या बायकांनी एका सुरात निकाल दिला, काजूचं तेल बाधलं. आता काजू फोडणाऱ्या बायकांचे हात टरफलातल्या त्या तेलानं सोलवटतात हे खरं, पण तुळसा जन्मात कधी फोडायला बसली होती? सोलणीला येतो तो कोरडा गर! हे एकीच्या डोक्यात येईल तर शपथ. तुळसापण भाबडी, रोज खोबरेल चोळत बसायची.

शेजारच्या घरात थोरली जाऊ काशी. तिचे गुडघे दुखायचे. घाटी चढून आली की ठणकायचे आणि पायरीवर घटकाभर टेकली की थांबायचे. तुळसाचं बरोब्बर उलट. निजून उठली, बसून राहिली की हात आखडायचे आणि कामाला लागल्यावर कधीतरी सुटायचे. एकाच पायरीवर बसून दोघी आपापलं सांगायच्या, तरी हा फरक दोघींनाही दिसला नाही. काशीचा जीव मोठा. स्वतःच्या गोळ्यांतल्या अर्ध्या हिला द्यायची.

"अगो, तुझा नि माझा एकच दुखणा. वय झाला आपला. बसू नको, ऊठ, कामाला लाग, सुटतील हात."

आणि सुटायचे! तिथंच सगळं फसलं. काम हेच औषध ठरलं. तुळसा पाचला उठून गरम पाण्यात हात बुडवायची, तेव्हा कुठे कारखान्यात पोचेपर्यंत बोटं जरा वळायची. नाक्यावरच्या डॉक्टरकडे जायची ती काम सुटल्यावर, संध्याकाळी. तोवर बोटं चालती झालेली. तो हात उलटसुलट बघायचा, सुई टोचायचा, दोन दिवस बरे जायचे. अंगात कणकण राहायची, जेवण जाईना, बाई पार वाळली. लोक म्हणाले, एकटी राहते, मनाला लावून घेते. लोकांचं काय जातं बोलायला!

चौथ्या वर्षी बोटं करंगळीच्या बाजूला कलायला लागली. सुरी हातात ठरेना, ताटलीत तुकडाच जास्त पडायला लागला. विनीतनं वर्ष-दीड वर्ष डोळेझाक केली. शेवटी यंदा शिमगा झाल्यावर म्हणाला, "काकी, हात बरे करून या. पावसापर्यंत तुमची जागा कोणाला देत नाय. शब्द माझा."

त्या शब्दानं तुळसाला आशा लागली. शमिकानं रजा काढली आणि आईला रत्नागिरीला सांध्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. रक्त तपासून झालं, हातांचे एक्स-रे झाले. बाईंनी फिल्म उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"नऊ-दहा वाजतात सुटायला."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. माझ्या जावेलापण हाच त्रास हाय, गुडघ्यांचा."

"अहो, मग आधी कोणाला सांगितलं का नाहीत?"

"सगळ्यांना सांगितलं, बाई."

डॉक्टरबाईंनी फिल्म खाली ठेवली. मग त्यांनी नीट समजावलं. जावेची ती झीज, चालून दुखणारी, विसाव्यानं शमणारी. तुमचा हा संधिवात. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, दोन्ही हातांचे बारके सांधे आधी धरतं आणि रात्रभराच्या विसाव्यानंतर जास्तच आखडतं. पहिल्याच वर्षी औषध सुरू झालं असतं तर ही बोटं बहुतेक वाचली असती.

"आता सरळ होतील?" तुळसानं विचारलं.

"वाकली ती नाही होणार. औषधानं पुढचं थांबवायला बघू."

एसटी स्टँडवर बसल्यावर तुळसाला रडू आलं नाही, राग आला. काशीचा नव्हे, तिनं तर माया केली. राग आला तो स्वतःचा. माझे हात मला रोज सकाळी सांगत होते आणि मी दुसरीच्या गुडघ्यांचं ऐकत बसले! शमिकाला म्हणाली, "विनीतला फोन लाव."

"काय काकी, कधी येताय?" पलीकडून विनीत उत्साहानं म्हणाला.

"माझी जागा दुसरीला दे रे बाबा."

"अहो, पावसाला अजून दोन महिने आहेत. थांबतो की मी!"

"नको. देशील त्या बाईला एवढं विचार, सकाळी उठल्या उठल्या मूठ वळते काय. नाय म्हणाली, तर तिला त्याच दिवशी रत्नागिरीला धाड."

विनीतला काही उमगलं नाही. "काकी, तुम्ही आता काही मनात आणू नका," तो कळवळून म्हणाला, "घरी बसून चांगला आराम करा बघू."