बाईंची कुकी आणि आमचा तवा

अख्ख्या कोथरूडात नाताळ जर कोणाची परवानगी घेऊन येत असेल, तर ती आमच्या बाईंची. बाई म्हणजे मला आठवी ते दहावी शास्त्र शिकवणाऱ्या बाई. शाळा सुटली, नोकरी लागली, टक्कल पडलं, मुलगी कॉलेजात गेली, आणि आता आपल्याला जगात कोणाला घाबरायचं कारण नाही अशा समजुतीत मी या सोसायटीत फ्लॅट घेतला. सामान लावायच्या दिवशी समोरचं दार उघडलं आणि आत बाई उभ्या. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अठ्ठावीस नंबर ना? शर्टाचं वरचं बटण लाव." तेव्हापासून त्या मजल्यावर मी अठ्ठावीस नंबर आहे आणि माझी बायको 'सौ. अठ्ठावीस'. माझं खरं नाव बाईंना माहीत आहे की नाही, हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेच्या कागदोपत्री. घरी त्यांचं स्वयंपाकघर नसून प्रयोगशाळा आहे. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, आणि मिठाच्या बरणीवर तर 'चाखून ओळखू नये' अशी ताकीदसुद्धा. भाताचं पाणी त्या मोजपात्रात, पात्र डोळ्यांच्या पातळीवर धरून मोजतात. एकदा दुधात पाणी असल्याचा संशय आला तेव्हा दूधवाल्याला जिन्यात उभं करून, दुधात काचेची नळी सोडून त्यांनी त्याच्याकडूनच आकडा वाचून घेतला. त्या भल्या माणसाने पुढच्या महिन्यापासून आमची गल्लीच सोडली. गणपतीत सोसायटीने त्यांना मोदकांच्या स्पर्धेचं परीक्षक केलं, तर पहिलं बक्षीस त्यांनी कोणालाच दिलं नाही. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पहिला नंबर यायला आधी पास व्हावं लागतं." तरीही कोणाला ताप आला की सगळ्यात आधी बेल वाजते ती बाईंचीच, आणि हातात मऊ भाताचा डबा असतो.

तर अशा या बाईंच्या घरात नाताळ शिरला तो त्यांच्या नातीमुळे. मुलगा कॅनडात. सात वर्षांपूर्वी तो बायको-मुलीला घेऊन आला, तेव्हा नात सहा वर्षांची होती. बाईंनी महिनाभर आधी तयारी केली होती. बेसनाचे लाडू झाले, चकली झाली, साजूक तुपातला शिरा झाला. पोरीने प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं आणि पावाला लोणी लावून खाल्लं. पंधरा दिवस हाच प्रकार. बाई मला म्हणाल्या, "अठ्ठावीस, पस्तीस वर्षांत माझ्या वर्गातलं एकही पोर उपाशी घरी गेलं नाही रे. ही माझी सख्खी नात जातेय." त्यांचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता. निघताना त्यांनी पोरीला सरळ प्रश्न टाकला, तुला काय आवडतं? तिने सांगितलं, ख्रिसमसच्या कुकीज. सुंठ-दालचिनी घातलेल्या, वर फ्रॉस्टिंग लावलेल्या. झालं. पुढच्या वेळी ही मुलगी माझ्या हातचं खाईल, असं बाईंनी ठरवलं.

त्या डिसेंबरपासून प्रयोग सुरू झाले. सुनेकडून कृती आली. तिकडच्या काळ्या पाकाऐवजी बाईंनी कोल्हापूरची काकवी आणली. सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ घरी कुटलं. पहिल्या घाण्याचा वास जिन्यात सुटला तेव्हा तळमजल्यावरच्या तीन बिऱ्हाडांनी, कोणाला इतकी सर्दी झालीय आणि काढा कोण उकळतंय, अशी चौकशी केली. संध्याकाळी घरोघरी डबे पोचले. डब्यावर चिठ्ठी: 'प्रयोग क्र. १'. आत वाटीने कापलेल्या गोल, तपकिरी कुकीज, आणि वर ते फ्रॉस्टिंग, म्हणजे लोणी-पिठीसाखरेचं पांढरंशुभ्र लिंपण.

आम्ही एक उचलली, ती बोटांत वाकली. आता तुम्हीच सांगा, ज्या गावात लोक दिवाळीला मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचे, नानकटाई खुटखुटीत भाजून आणायचे, आणि पुढे महिनाभर डब्याचं झाकण नीट लावलं नाही म्हणून घरात एकमेकांवर खेकसायचे, त्या गावात मऊ बिस्किटाला काय म्हणतात? सादळलेलं म्हणतात. बायको कळवळून म्हणाली, "अहो, बाईंचा डबा सैल असणार. वय झालं हो त्यांचं." मग तिने सुरीने वरचं लिंपण खरवडलं, तवा ठेवला, मंद आचेवर सगळ्या कुकीज उलटसुलट भाजल्या, आणि चहाबरोबर त्या कुरकुरीत लागल्या. नंतर कळलं, सगळ्या इमारतीने हेच केलं होतं. बाईंना सांगणार कोण? सांगायला आमच्यापैकी कोणाचं काळीज वाघाचं होतं?

दुसऱ्या दिवशी बाई वही-पेन घेऊन दारात आल्या. "निरीक्षण?" मी उभा राहून म्हणालो, "खुसखुशीत झाल्यात, बाई!" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या. पुढच्या डिसेंबरात कुकी आणखी मऊ. आम्ही आणखी दहा मिनिटं भाजली आणि एकमुखाने 'अगदी कुरकुरीत' असा अभिप्राय दिला. त्याच्या पुढच्या वर्षी तर ती उचलताना दोन्ही हात लागले. बाईंची म्हणून आम्ही निमूट भाजत राहिलो. मधे एकदा कोरोना आला, एकदा मुलाची नोकरी बदलली, नातीचं येणं लांबत गेलं. पण प्रयोगांचे आकडे वाढत गेले, आणि आमचा तवा झिजत गेला.

गेल्या डिसेंबरात शेवटी ती मंडळी यायची ठरली. बाईंनी प्रयोग क्र. एकोणीस केला. फ्रॉस्टिंग मुद्दाम लावलं नाही. ते नातीबरोबर बसून लावायचं होतं. त्यांच्या ओट्यावर मुंग्या निघाल्या म्हणून विमानतळावर निघताना त्यांनी डबा माझ्या हाती दिला. "अठ्ठावीस, सांभाळ. सहा वर्षांचं काम आहे." मला भरून आलं. टॅक्सी फाटकाबाहेर पडली तशी आम्ही नवरा-बायकोने झाकण उघडलं. कुकीज लोण्यासारख्या मऊ! बायको म्हणाली, "ती पोर आधीच नाक मुरडते. तिच्यापुढे हे सादळलेलं ठेवायचं?" बाईंची लाज राखायची ही एकच संधी होती. दुपारभर आम्ही दोघं तव्यापाशी उभे राहिलो. बेचाळीस कुकीज, एकही करपू दिली नाही. इतक्या प्रेमाने मी आयुष्यात दुसरं काही भाजलेलं नाही.

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांसमोर डबा उघडला. एक कुकी उचलून दोन बोटांनी दाबली. ती दबेना. त्यांनी ती ताटलीवर टाकली, तर टण्‌ असा आवाज आला. "अठ्ठावीस," त्या हळूच म्हणाल्या, "या मऊ होत्या."

"हो बाई. सादळल्या होत्या. आम्ही तव्यावर जरा..."

"त्या मऊच असतात."

मग सगळं बाहेर आलं. मी खाली मान घालून कबुली दिली. या वर्षीची, गेल्या वर्षीची, सहाही वर्षांची, आणि भीतीपोटी तळमजल्याचीही. बाईंनी वही काढली. 'अठ्ठावीस: खुसखुशीत' असं जिथे जिथे होतं, तिथे तिथे शेजारी लिहिलेलं होतं: 'अजून कडक. काकवी वाढवावी.' त्यांनी एकेका पानावर तिरकी रेघ ओढली. "निरीक्षणं रद्द," म्हणाल्या. शाळेत पट्टी खाल्ली होती तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं.

तेवढ्यात नातीने, आता चांगली बारा वर्षांची उंच मुलगी ती, एक कुकी उचलली, वर फ्रॉस्टिंग थापलं आणि चावायला गेली. दात बसेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, समोर आजीचा चहाचा कप होता, त्यात ती बुडवली. साखरेचं लिंपण चहावर तरंगायला लागलं. तिने खाल्ली. तिने दुसरी घेतली, मग तिसरी. मुलगा म्हणाला, "अगं, ही तशी नसते ना? मऊ असते ना?" त्यावर ती म्हणाली, "सॉफ्टवाल्या तिकडे सगळ्या शॉप्समध्ये मिळतात, बाबा. ही फक्त आजीकडे मिळते."

बाईंनी तो फ्रॉस्टिंगचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग पदराने चष्मा पुसला आणि माझ्यावर ओरडल्या, "बघतोस काय? तव्यावर किती मिनिटं, ते सांग!"

या वर्षी नात येणार नाही, तिची शाळा आहे. पार्सल जायचंय. परवा बाई पिठाचा गोळा, ट्रे, सगळं घेऊन आमच्याकडेच आल्या. "तवा काढ." कुकीज त्यांनी आमच्या ओव्हनमध्ये भाजल्या आणि मग मी तव्यावर परतत राहिलो. बाई खुर्चीत बसून घड्याळ बघत होत्या. हल्ली त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. एकदा मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येतील म्हणे," आणि पुन्हा घड्याळाकडे बघायला लागल्या. मी हो म्हणालो.

सगळ्यात शेवटची त्यांनी तव्यावर टाकू दिली नाही. तिला फ्रॉस्टिंग लावून माझ्या हातावर ठेवली. "ही तुझी. अशीच खायची." खरं सांगतो, इतकी सुरेख गोष्ट मी फार कमी वेळा खाल्ली आहे, सुंठेचा झटका, काकवीचा वास, आणि वर ते लोणी, जे आम्ही सहा वर्षं सुरीने खरवडून टाकत होतो. मी आता उभा राहून निरीक्षण सांगायच्या तयारीत होतो. पण बाईंनी वही उघडलीच नाही. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आवडली का रे?"