दहा अंशांपलीकडे

घरात कोणी भूतखेतांचा विषय काढला की मी उठून चहा टाकायला जायचे. विश्वास शून्य! म्हणून हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण झालं ते झालं.

मी पुण्यात इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे स्कॅनर डिझाइन करते. कॅमेऱ्यापुढे पाचरीसारखे दोन प्रिझम फिरतात आणि कॅमेरा जागचा न हलता त्याची नजर वळते — फार तर दहा अंश. गणित माझंच, पुन्हा पुन्हा तपासलेलं.

गेल्या हिवाळ्यात चाचणीसाठी तसा एक कॅमेरा गावी, जानेफळला घरी आणला. संध्याकाळी गच्चीवर मांडत होते, तेवढ्यात आई धापा टाकत आली.

"तुहे बाबा अजून आले नाई वं. शुगरची गोळी घेतली अन् उपाशीच गेले. मोटरकडे जातो म्हणे."

मोटर वरच्या वावरात, उत्तरेला. दादा खिशात गूळ घेऊन तिकडे पळाला. मी कॅमेरा उत्तरेला रोखला, प्रिझम सुरू केले. नुसती गार तूर... आणि मग एक पांढरा ठिपका. माणूस! बाजूला दगडी उतार. अगं बाई — ही तर जुन्या विहिरीची धाव, मोट ओढताना बैल जिच्यावरून उतरायचे ती! खालच्या वावरातली. माझ्या पाठीमागची.

दादाला फोन केला. "धावेवर जा! आत्ता!"

"अवं, मोटर इकडं हाय नं!"

"जा म्हणते ना!"

बाबा तिथेच होते. घामाघूम, बोलणं अडखळत. गूळ पोटात गेला आणि थोड्या वेळात माणूस चिडण्याइतका बरा झाला.

"काऊन एवढा गलका केला? मोटेकडे जातो म्हटलं होतं म्या, मोटर नाई!"

कधीची बंद पडलेली मोट यांना नेमकी आजच आठवली! मी रडत रडत भांडले.

ऑफिसात रेकॉर्डिंग पाहून सगळे म्हणाले, कॅमेरा दक्षिणेला असेल. नव्हता. सुरुवातीला वरच्या वावरातला विजेचा खांब दिसतो, आणि चित्रण कुठेच तुटत नाही. मागचं प्रतिबिंब म्हणावं, तर कॅमेऱ्यामागे जिन्याची भिंत आडवी. अकरा अंशसुद्धा न वळणारी नजर पार मागे कशी वळली? मला आजही माहीत नाही.

रिपोर्टात दोषाचा रकाना होता. त्यात 'आढळला नाही' लिहून सही ठोकली आणि घरी फोन लावला.

"बाबा, जेवलात?"

"हाव वं माय, जेवलो. आता रोज इचारशीन काय?"

हो. रोज विचारणार.