हिमनदीकाठचा भराव

आज खिडकीखाली डंपर रिकामा झाला आणि ओल्या मातीचा, फुटक्या दगडांचा वास घरात शिरला. त्या वासाने मला बाबांसोबत पाहिलेल्या हिमाचलातल्या हिमनदीच्या काठी नेलं.

बारीक माती, गोटे, घराएवढे धोंडे, सगळ्याचा मिळून तिथे एक लांबलचक ढीग होता. आमच्या सुकापूरची शेतं डंपरच्या भरावाखाली बुजताना पाहिलेल्या बाबांना संशय आला. ते वाकून टायरच्या खुणा शोधू लागले.

"यो भराव कोनी टाकला?"

"बर्फानेच आणला," मी म्हणाले. "तो वितळत मागे गेला, हे इथेच राहिलं."

बाबांनी दूरच्या मळकट बर्फाकडे बघितलं. "भराव टाकून जो मागं सरतो, तो परत येत नाय."

तेव्हा मला हसू आलं. आता डंपरमधले हे दगड ज्या डोंगरातून फोडून आणतात, तो खिडकीतून रोज निरखते. तोही मागे सरकतोय, असा मला दाट संशय आहे.