दाखला घेऊन आलेले मास्तर

खारदांड्याच्या म्युनिसिपल शाळेतले ते पीटीचे मास्तर शिट्टी गळ्यात घालत, पण वाजवत नसत. खेळ थांबवायचा तर दोन टाळ्या वाजवत आणि ओरडत, "अरे, पाय चालव ना, तोंड काय चालवतोस!" त्यांच्याइतका सरळ माणूस मी मैदानावर दुसरा पाहिला नाही.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका खाजगी शाळेत खेळाचा शिक्षक होतो. शाळेला फुटबॉलची शील्ड हवी होती, म्हणून मास्तरांनी तयार केलेली पोरं मी फी माफ करून आमच्याकडे ओढत असे. त्या वर्षी त्यांचा गोलकीपर उचलला. संघाची नावं द्यायला दोनच दिवस उरले होते आणि त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आला नव्हता. मास्तरांनी तो टेबलाच्या खणात ठेवून दिला असता, तर पोरगा आमच्याकडून खेळूच शकला नसता.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः सायकलवरून दाखला घेऊन आले.

मला राहवलं नाही. "मास्तर, चार दिवस उशीर केला असतात तरी कोणी बोललं नसतं."

"मग तो यंदा नुसता बघत बसला असता ना," ते म्हणाले. "आणि बूट सहा नंबरचे द्या. तो सात मागेल, पुढच्या वर्षी चालावेत म्हणून. ऐकू नका त्याचं."

शील्ड आम्ही जिंकली. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटून विचारलं, "त्यांच्याकडे अजून कोण आहे?"

मी लगेच दोन नावं सांगितली.