सुभेदारांच्या जीपवरची कमान

आधी तोंडातला चहा गिळा, मग ऐका. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता. माझा गाढवपणाच तसा आहे, त्याला मी तरी काय करू?

आमचं गॅरेज होटगी रोडला. आमचं म्हणजे दादाचं. मी आठवीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा शाळेनंच बसू दिलं नाही, तेव्हा दादानं हातात पाना दिला. दादाला वेड एकच, लष्करातल्या जुन्या गाड्या. लिलावात निघालेली, खुराड्याची कळा आलेली जीप तो अशी उभी करायचा की बघणाऱ्यानं आपोआप सावधान व्हावं! नटबोल्टसुद्धा त्या काळातलेच लागायचे त्याला. कामाचा नियम एकच. "फोटो बघायचा. फोटोत दिसतंय तसंच करायचं. आपलं डोकं चालवायचं न्हाय." शेवटचं वाक्य तो नेमका माझ्याकडे बघून म्हणायचा.

चार महिन्यांमागं दादा गेला. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेला. याच्यापुढं आत्ता सांगत नाही, नाहीतर किस्सा राहील बाजूला.

मागं राहिली सुभेदारांची जीप. सुभेदार म्हणजे जुळे सोलापुरात राहणारे एक निवृत्त गृहस्थ. सगळी नोकरी वायरलेसवर काढलेली. जीपचं इंजिन, रंग, सीट, सगळं दादानं करून ठेवलं होतं. राहिला होता फक्त वायरलेसचा अँटेना. मागच्या डाव्या बाजूला लोखंडी पट्टी, तिच्यावर चिनी मातीची बैठक, बैठकीवर जाड स्प्रिंग आणि स्प्रिंगमध्ये अँटेना. पट्टी, बैठक, स्प्रिंग दादानंच बसवलं होतं. वर काहीच नव्हतं.

सुभेदार आले, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"बाळू, पुढच्या रविवारी मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. अँटेना तेवढा राहिलाय. जमेल तुला?"

"जमंल की साहेब!"

"नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस. मी गाडी पुण्याला नेतो, तिथं एक जण आहे."

पुण्याला? दादानं दोन वर्षं जिला हातानं घासलं, तिच्यावर शेवटचा हात दुसऱ्याच कुणाचा? माझ्या डोक्यातून धूर निघाला. "आठ दिवस कशाला, चार दिवसांत करतो!" बोलून मोकळा झालो. माझं तोंड नेहमी माझ्यापुढं अर्धा किलोमीटर चालतं.

आता अँटेना असतो कसा, हे कुणाला माहीत होतं? मी अडलो की बोट आपोआप दादाच्या नंबरवर जातं. त्या दिवशीही गेलं. फोन वाजला आमच्या घरात, आईच्या उशाशी. आईनं उचलला.

"काय अडलं रे?"

"काय न्हाय."

मग आई म्हणाली, "फोटो बघ की. तो काय म्हणायचा तुला?"

फोटो होता! दादाच्या फायलीत, तळहाताएवढा, काळापांढरा. तशीच जीप आणि तिच्यावर अँटेना. पण कसा? मागच्या कोपऱ्यातून वर निघालेला, सगळ्या गाडीवरून कमान करून पुढं आलेला आणि शेंडा पार बंपरकडं वाकलेला. बघतच राहिलो. काय डोकं असेल त्या माणसांचं! एवढी कमान कशाला केली असेल? लाटा पुढून येत असतील, म्हणून तोंड पुढं? का वर ताडपत्री टाकून सावलीला बसत असतील? दोन दिवस मी त्याच विचारात होतो. फोटो उलटा धरून बघितला, भिंग लावून बघितला. शेंड्यापासून बंपरपर्यंत एक बारीक ओरखडा होता, तेवढाच काय तो दोष. फोटो स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला आणि पोराला म्हटलं, "तेवढा ओरखडा पुसून टाक बाबा, लई खुपतोय डोळ्याला." त्यानं कॉम्प्युटरवर पुसला. एकदम स्वच्छ!

मग गाठलं मस्तानभाईला. मस्तानभाई म्हणजे आमच्या शेजारचा ग्रिलवाला. पाइप वाकवण्यात सोलापुरात त्याचा हात धरणारा नाही. त्यानं फोटो बघितला, दाढी खाजवली.

"छोटे, ये मंडप है क्या जीप है?"

"जीप हाय भाई. मिल्ट्रीची."

"फिर इत्ती कमान कायकू?"

"लाटा पकडायला."

"हौ क्या?" म्हणाला आणि कामाला लागला. अर्धा इंची पाइप, पंधरा फूट. वाळू भरली, तापवला, वाकवला, फोटोशी लावून बघितला, परत वाकवला. कमान दोन बोटं कमी पडली तर मी पुन्हा तापवायला लावली. म्हटलं, दादाच्या गाडीत दोन बोटांचा फरक? जन्मात न्हाय! आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचं डोकं न चालवता काम करत होतो आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता, हे विशेष. पाइप जड झाला म्हणून स्प्रिंगच्या खाली जोड देऊन पक्कं वेल्डिंग मारलं आणि वर हिरवा रंग. गल्लीतली माणसं बघायला आली. एकानं विचारलं, "हार कुटं अडकवायचा?" दुसरा म्हणाला, "वरात कधी हाय?" मी कुणाला उत्तर दिलं नाही. अडाण्यांच्या तोंडी कोण लागणार?

शुक्रवारी सुभेदार आले. लांबूनच थबकले.

"वा!" म्हणाले. "वा रे पठ्ठ्या! असाच असतो. असाच बांधायचो आम्ही."

माझी छाती शर्टात मावेना. सुभेदार जवळ आले, डोळे मिचकावून म्हणाले, "चल, आता सोड. उभा करून दाखव."

"काय सोडू?"

"दोरी."

"कसली दोरी, साहेब?"

"अरे, अँटेना वाकवून ज्या दोरीनं बंपरला बांधलाय, ती."

"बांधला न्हाय ओ! वाकवलाय. जिंदगीभर हलायचा न्हाय, वेल्डिंग मारलंय की!"

सुभेदारांनी पाइपला बोट लावलं. मग टिचकी मारली. टण्ण आवाज आला. मग ते खाली वाकून माझ्या तोंडाकडे असे बघू लागले की जणू बिघाड गाडीत नसून तिथंच आहे.

"बाळू, अँटेना सरळ असतो. लवचिक. झाडाला, विजेच्या तारेला लागू नये म्हणून चालत्या गाडीत वाकवून पुढं बांधतात. थांबलं की सोडायचं. फोटोत दोरी दिसली नाही तुला?"

मी फायलीतला मूळ फोटो आणला. त्यांनी नखानं दाखवली. शेंड्यापासून बंपरपर्यंत. बारीक. केसासारखी.

"ही काय?"

"ओरखडा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

सुभेदार टेकले स्टुलावर. हसतात का चिडतात, कळेना. मग म्हणाले, "पण तुझा दादा तर मला म्हणाला होता, अँटेना मिळालाय म्हणून. टेंभुर्णीच्या भंगारात. तीन तुकडे, एकात एक आटे. ते कुठायत?"

आता इथं मला तुमच्यासमोर एक कबूल करायला पाहिजे. मघाशी मी ही गोष्ट लपवली. मुद्दाम. लाज वाटते हो! माळ्यावर कापडात गुंडाळलेले तीन दांडे होते. मस्तानभाई म्हणाला होता, आधी भंगार दांड्यावर कमान काढून बघू, म्हणून तेच नेऊन दिले होते मी! आणि ते दांडे वाकवले की सटकन सरळ व्हायचे. मस्तानभाई वैतागून म्हणाला होता, "छोटे, ये लोहा है के साप? मुडताच नै!" मीही दोन शिव्या घातल्या होत्या त्या दांड्यांना.

पळत गेलो. मस्तानभाईनं त्यांच्यावर दुकानाची ताडपत्री टांगली होती. ताडपत्री त्याच्या डोक्यावर पडली तरी मी थांबलो नाही.

वेल्डिंग कापलं, पाइप उतरवला. तीन दांडे एकात एक फिरवले. आटे इतके गुळगुळीत बसले की कळलं, दादानं आधीच तेल घालून ठेवलंय. त्याच्याच हाताचं तेल माझ्या बोटांना लागलं. सुभेदार दोरी बांधत होते आणि मी तोंड फिरवून उगाच पाना शोधत होतो.

अँटेना वाकला, शेंडा बंपरला आला, गाठ बसली. हुबेहूब फोटो!

"आता हात लावू नकोस," सुभेदार म्हणाले आणि हात धुवायला वळले.

बस्स! तेवढंच पुरलं मला. हा सुटला तर किती जोरात सुटत असेल? सगळा सरळ होत असेल का थोडा बाक राहत असेल? आवाज येत असेल का? आता हे बघितल्याशिवाय माणसाला झोप तरी लागेल का? मी बंपरवर वाकलो आणि गाठ ओढली.

आवाज येतो. सूंऽऽई करून येतो. शेंडा जाता जाता कानफटात बसला, त्यानंतर मला डाव्या कानानं काहीच ऐकू आलं नाही.

जमिनीवर बसलो आणि हसायला लागलो. चार महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता रडू फुटलं, ते काही केल्या थांबेना. सुभेदार धावत आले, गुडघ्यावर बसले. "लई लागलं का रे?"

"व्हय," म्हटलं. "कान लई दुखतोय."

त्यांनी बर्फ मागवला. बराच वेळ स्वतःच्या हातानं कानाला बर्फ धरून बसले. मग म्हणाले, "रविवारी गाडी तूच चालव. पुण्याला नाही जात ती."

रविवारी मैदानावर गेलो. अँटेना सरळ, ताठ, आणि स्टिअरिंगवर मी. कान एवढा सुजलेला की टोपी तिरकी बसली होती. प्रदर्शनाचे परीक्षक वही घेऊन आले. बोल्ट बघितले, बैठक बघितली, दांड्याचे आटे बघितले. मग सुभेदारांना विचारलं, "सगळं त्या काळातलंच आहे ना? नंतरचं काही?"

सुभेदारांनी टाचा जुळवल्या आणि भर मैदानात खणखणीत आवाजात सांगितलं, "सगळं अस्सल आहे, साहेब. फक्त ड्रायव्हरचा डावा कान तेवढा परवाचा आहे!"